मळीच्या टाकीचा तळ बदलताना

जानेवारीत, गळीत हंगाम ऐन भरात असताना, टाकीच्या बुडाशी काळा चिकट ओघळ दिसला. व्हॉल्व्हची गॅस्केट बदलली, तरी हटेना. मुंग्यांनी मात्र जागा आधीच हेरली होती. त्यांची रांग थेट तळाच्या कडेखाली जात होती.

सोलापूरजवळच्या आमच्या साखर कारखान्याची ही टाकी 20 मीटर व्यासाची, 10 मीटर उंच. हंगाम संपल्यावर मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा दाट पाक, उपसली, टाकी गरम पाण्याने धुतली. पण लगेच आत उतरायचं नसतं. उरलीसुरली मळी आंबते आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशीच बसून राहतो. दोन दिवस ब्लोअर चालवला, मीटरवर ऑक्सिजन 20.9 टक्के दिसला, तेव्हा मॅनहोलमधून आत गेलो. बाहेर एक माणूस कायम बसवलेला. त्याने चहालाही उठायचं नाही.

जाडी मोजली. मूळ पत्रा 8 मिमी. मधे साडेसहा-सात उरलेला, कडेला कुठे 3, कुठे 2. मी म्हणालो, ठिगळं मारून एक हंगाम काढू. पत्र्याचं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरकडच्या चाचांनी काही न बोलता गॅसने हातभर तुकडा कापला आणि पालथा करून दाखवला. वरून बरा दिसणारा पत्रा खालून देवीच्या व्रणांसारखा. भोकाच्या बरोबर खाली, टाकी जिच्यावर बसते त्या वाळूत, लिंबाएवढं काळ्या मातीचं ढेकूळ.

"साहेब, ठिगळ कुठंकुठं लावता?"

ढेकूळ ओल धरतं. त्याच्यावर हवा पोचत नाही, शेजारच्या वाळूत पोचते. या फरकानेच पत्रा तिथे पोखरतो. आणि ओल आणली आम्हीच. वर्षानुवर्षं भराव टाकून भोवतीची जमीन टाकीच्या कडेपेक्षा उंच करून ठेवली होती, पावसाचं पाणी जाणार कुठं?

मग सगळाच तळ, म्हणजे सुमारे 20 टन पत्रा. भिंतीत दार कापून सहाशे किलोची एकेक प्लेट आत ओढली. कडेच्या प्लेटा एकाआड एक बदलल्या, नाहीतर भिंत उभी कशावर राहणार? वाळू मी स्वतः उभं राहून चाळून घेतली. मे महिना, पारा 42च्या पुढे, म्हणून काम पहाटे पाच ते अकरा. एकदा घाईत वेल्डिंगचा लांब जोड आधी मारला आणि पत्रा पापडासारखा फुगला. तोडला, आखूड जोड आधी घेतले, मग लांब. जोडांना साबणाचं पाणी लावून वरून हवा ओढणारा व्हॅक्यूम बॉक्स फिरवला तर तीन पत्रे एकत्र येतात तिथेच बुडबुडे. चाचा हसले, त्यांना ते अपेक्षितच होतं.

खरी पंचाईत पाण्याच्या चाचणीची. टाकी भरायला 31 लाख लिटर पाणी, आणि तेही सोलापुरात, जूनमध्ये! दहा हजारी टँकरच्या तीनशेवर खेपा. ऑगस्टात कारखान्याचं तळं भरेपर्यंत थांबलो, चार टप्प्यांत टाकी भरली, प्रत्येक टप्प्याला ती किती खचते ते पाहिलं आणि पाणी परत तळ्यात सोडलं.

तरी मळी पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. नोव्हेंबरात ती चढू लागली, तसा महिनाभर रोज पहाटे बॅटरी घेऊन मुंग्या शोधत टाकीभोवती फिरत होतो.