गिऱ्हाईकच मंडळावर बसतं तेव्हा

ठसे जुळवणं, डीएनए तपासणं, गुन्हेगारी नोंदी ठेवणं, प्रशिक्षण देणं आणि संगणक यंत्रणा चालवणं ही पोलिसांना लागणारी पण रस्त्यावर न दिसणारी कामं. स्कॉटलंडमध्ये तेव्हा आठ पोलीस दलं होती. २००७ मध्ये त्यांची ही कामं ‘स्कॉटिश पोलीस सर्व्हिसेस ऑथॉरिटी’ या सार्वजनिक संस्थेकडे आणायला सुरुवात झाली. तिच्या मंडळावर पोलिसांबाहेरचे सदस्य होते, दलांवर देखरेख करणाऱ्या स्थानिक पोलीस मंडळांचे लोकप्रतिनिधी होते आणि खुद्द पोलीसप्रमुखही होते. म्हणजे सेवा घेणाराच सेवेवर देखरेख करणार. निकाल लांबला की तपास कुठे अडतो हे पोलीसप्रमुखाइतकं कुणाला कळत नाही, म्हणून त्याचं तिथे असणं उपयोगी. पण आधी कुणाचे नमुने तपासायचे हा विषय निघाला, की तो आपल्याच दलाची बाजू मांडणार. त्यामुळे हितसंबंध वर्षातून एकदा अर्जात लिहून भागत नाही. बैठकीतल्या प्रत्येक विषयाआधी ते विचारावेत आणि उत्तर इतिवृत्तात यावं.

प्रयोगशाळा पोलिसांपासून वेगळी का हवी, याचं उत्तर १९९७ च्या किल्मार्नॉक खून प्रकरणात आहे. खून झालेल्या घरात सापडलेला एक ठसा आपला नाही, असं एका महिला पोलीस अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं. पोलीस यंत्रणेतले ठसेतज्ज्ञ मात्र तो तिचाच म्हणत राहिले. तिच्यावर खोट्या साक्षीचा खटला चालला, १९९९ मध्ये ती निर्दोष सुटली. डिसेंबर २०११ मधल्या चौकशी अहवालाने ठशाची ओळख चुकली होती, असं म्हटलं आणि ठशांचा पुरावा निर्विवाद सत्य न मानता तज्ज्ञाचं मत म्हणून मांडावा, अशी शिफारस केली.

मंडळाच्या सदस्याने यातून नेमकं काय विचारायचं? दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचा निष्कर्ष आधीच दिसतो का. दिसत असेल तर ती फेरतपासणी नव्हे, सहीवर सही. दोघांचं मत जुळलं नाही तर ते कुठे नोंदलं जातं आणि निवाडा कोण करतं. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तपासणीत किती त्रुटी निघाल्या. वर्षभर ‘शून्य’ येत असेल तर मला तरी ते चांगलं लक्षण वाटत नाही. चालू प्रकरणाबद्दल मात्र एक शब्द विचारू नये, तो मंडळाचा प्रांत नाही.

थकीत कामाचा तक्ता सरासरीवर वाचू नका. अमली पदार्थांच्या झटपट चाचण्या ढिगाने उरकल्या की सरासरी सुधारते आणि डीएनएचे नमुने तसेच पडून राहतात. प्रकारवार सगळ्यात जुनं प्रकरण किती दिवसांचं, तेवढं मागा. दिवस नमुना आल्यापासून मोजलेत की काम हाती घेतल्यापासून, हेही.

२०१३ मध्ये आठ दलांचं एकच पोलीस दल झालं, जुनी संस्था विसर्जित झाली आणि नव्या दलावर देखरेख करणारी स्कॉटिश पोलीस ऑथॉरिटी आली. बाकीच्या बहुतेक सेवा पोलिसांकडे गेल्या. ठसे-डीएनए तपासणारा न्यायवैद्यक विभाग मात्र मुद्दाम ऑथॉरिटीकडेच ठेवला. मला हा निर्णय पटतो.

त्याच वर्षी ‘आय-सिक्स’ या संगणक यंत्रणेचा सुमारे ४.६ कोटी पौंडांचा करार झाला. कंपनीला वाटलं, आपली आधीची यंत्रणा बरीचशी तशीच वापरता येईल. पोलिसांना मात्र त्यापेक्षा बरंच जास्त हवं होतं. कराराची व्याप्ती काय, यावर लवकरच वाद सुरू झाले. आधी सगळं कागदावर ठरवून मग बांधायचं अशी पद्धत असल्याने दोष थेट चाचणीत, फार उशिरा दिसले. जुलै २०१६ मध्ये करार गुंडाळला. सुमारे २.४६ कोटी पौंड वसूल झाले, पण यंत्रणा आली नाही. असा प्रस्ताव समोर आला, की ‘तयार आहे’ म्हणजे चालू स्थितीत किती आहे, ते पडद्यावर दाखवायला लावा. प्रगती अहवालातले हिरवे-पिवळे रंग प्रकल्पाचाच माणूस भरत असतो.

अंदाजपत्रकात पोलीस दल आणि न्यायवैद्यक विभाग दोघांचा पैसा ऑथॉरिटीमार्फतच येतो. पोलिसांची तूट समोर आली, की तिच्याआधी न्यायवैद्यकची ओळ वाचा आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघा.