घामाने डबडबलेला जनरल

१६ एप्रिल १९५३. वॉशिंग्टनमधलं एक हॉटेल, समोर वर्तमानपत्रांचे संपादक बसलेत आणि भाषणाला उभे आहेत आयझेनहॉवर, अमेरिकेचे प्रेसिडेंट होऊन जेमतेम तीन महिने झालेत. पोटात इतकं दुखतंय की पोडियम घट्ट धरून कसेबसे उभे आहेत, घामाने डबडबलेत, भाषण लवकर संपावं म्हणून मधले तुकडे चक्क गाळतायत.

आणि विषय काय तर शांतता. सोव्हिएत रशियाचा सर्वेसर्वा स्टॅलिन जाऊन सहा आठवडे झाले होते, आता मॉस्कोत जरा वेगळं वारं वाहतंय का हे बघायची हीच वेळ असं त्यांना वाटत होतं.

या भाषणातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे हिशोब. एका बॉम्बर विमानाच्या पैशात ३० हून जास्त शहरांत प्रत्येकी एक पक्की शाळा होते. एक फायटर विमान म्हणजे पाच लाख बुशेल गहू, आपल्या भाषेत साडेतेरा हजार टनांच्या वर. एक विनाशिका (युद्धनौका) म्हणजे ८००० माणसांची घरं. हे कुणी कवी किंवा साधू बोलत असता तर लोकांनी टाळ्या वाजवून सोडून दिलं असतं, पण इथे बोलणारा माणूस दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या स्वारीचा सरसेनापती, त्याला विमानं आणि रणगाडे म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती. सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचं वर्तमानपत्र प्रावदा, त्यानेही भाषण पूर्ण छापलं, हेही विशेषच.

आता पुढचं. त्याच भाषणात ते म्हणाले होते की आपलं सरकार कसं असावं हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाचा आहे आणि तो कुणी काढून घेऊ शकत नाही. चारच महिन्यांनी इराणमध्ये पंतप्रधान मोसादेक यांचं सरकार सीआयए ही अमेरिकेची गुप्तचर संस्था आणि ब्रिटिश यांनी मिळून उलथवलं, आणि ते आयझेनहॉवर यांच्याच संमतीने! मला इथे दरवेळी अडखळायला होतं, कारण माणूस ढोंगी होता म्हणून मोकळं व्हावं तर कोरियातलं युद्ध त्याच जुलैमध्ये त्यांनीच थांबवलं होतं ना.

बरं, सैन्यावरचा खर्च कमी करायचा म्हणून त्यांनी पायदळाला कात्री लावली आणि भिस्त ठेवली अणुबॉम्बवर, कारण ते तुलनेने स्वस्त पडत होते. झालं काय, आले तेव्हा अमेरिकेकडे हजाराच्या आसपास अण्वस्त्रं होती, १९६० पर्यंत १८ हजारांच्या वर गेली. म्हणजे काटकसरीतूनच ढीग उभा राहिला.

शेवटचा चान्स होता १९६० मध्ये, पॅरिसला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्याबरोबर बैठक ठरलेली. सोव्हिएत हद्दीवरून यू-टू हेरगिरीची विमानं उडत होती, प्रेसिडेंटसाहेबांना धाकधूक होतीच, म्हणून त्यांनी एका शेवटच्या उड्डाणाला परवानगी देताना अट घातली की काय ते १ मेपर्यंत उरका. विमान उडालं नेमकं १ मेला आणि पाडलं गेलं. आधी हवामानाचं विमान होतं म्हणून थाप मारली, मग ख्रुश्चेव्ह यांनी पायलट जिवंत आहे म्हणून जाहीर केलं आणि सगळं उघडं पडलं. बैठक सुरू होता होताच मोडली. आता यात दोष कुणाचा? परवानगी तर आयझेनहॉवर यांचीच होती.

१७ जानेवारी १९६१ चं त्यांचं निरोपाचं भाषण लष्कर आणि शस्त्रं बनवणाऱ्या उद्योगांच्या साटंलोट्याबद्दल दिलेल्या इशाऱ्यासाठी सगळे शेअर करतात, ठीक आहे, पण मी ते परत ऐकतो ते पुढच्या एका कबुलीसाठी. नि:शस्त्रीकरणाच्या बाबतीत मी निराश होऊन ही जबाबदारी खाली ठेवतोय असं ते टीव्हीवर सगळ्या देशासमोर सरळ सांगून टाकतात. तीन दिवसांनी नवे प्रेसिडेंट केनेडी यांचा शपथविधी होता.