चार मिनिटं वीस सेकंद

चौदा स्क्रीन, तीन मजले आणि सगळीकडे एकच व्हिडिओ. काम ऐकायला सोपं होतं. आधी एचडीएमआय स्प्लिटर, म्हणजे एकच चित्र अनेक स्क्रीनना वाटणारी डबी होती आणि जवळच्या चार स्क्रीनना ती पुरत होती. पण साधी तांब्याची एचडीएमआय केबल पंधरा मीटरच्या पुढे गेली की चित्राचा भरवसा राहत नाही, मग वरच्या मजल्यांचं नावच नको. लॅनच्या, म्हणजे इमारतीतल्या नेटवर्कच्या तारा मात्र सगळीकडे होत्या. म्हणून एका टोकाला व्हिडिओ नेटवर्कवर पाठवणारा एन्कोडर आणि प्रत्येक स्क्रीनमागे त्याचं पुन्हा चित्र करणारा छोटा डिकोडर, असं ठरलं. कॉम्प्रेस न करता सेकंदाला ६० फ्रेमचा फुल एचडी व्हिडिओ पाठवायचा तर जवळपास ३ गिगाबिट लागतात, एच.२६४ ही कॉम्प्रेशनची पद्धत वापरून मी तो ८ मेगाबिटवर आणला.

पहिली चूक माझीच. प्रत्येक डिकोडरला वेगळा स्ट्रीम दिला, म्हणजे युनिकास्ट. अकरा स्क्रीनपर्यंत सगळं सुरळीत. बारावी लावली आणि चित्रात चौकोन पडायला लागले. एन्कोडरचं पोर्ट १०० मेगाबिटचं; बारा आठे ९६ म्हणजे आधीच काठोकाठ, आणि चौदा आठे ११२. पाढा येत होता, आठवला उशिरा.

मग मल्टिकास्ट. यात एन्कोडर एकदाच, २३९ ने सुरू होणाऱ्या गटाच्या पत्त्यावर पाठवतो. ज्या डिकोडरला हवं तो त्या गटात सामील होतो आणि प्रती काढायचं काम स्विच, म्हणजे लॅनच्या तारा जोडणारी पेटी करते. चौदाही स्क्रीन लागल्या. मी खूश, आणि तेवढ्यात वायफाय बंद पडल्याची ओरड सुरू. कुणाला व्हिडिओ हवाय हे स्विचला कळतच नव्हतं, त्यामुळे तो सगळ्या पोर्टवर ओतत होता, वायफाय पुरवणाऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटवरसुद्धा. वायफायवर मल्टिकास्ट सहसा सगळ्यात कमी वेगाने जातो, ६ मेगाबिट किंवा त्याहूनही कमी. त्यात माझे ८ कोंबलेले.

गटात सामील होण्याचे निरोप आयजीएमपी या नियमांनुसार जातात; ते ऐकून फक्त मागणाऱ्या पोर्टलाच व्हिडिओ देणारं आयजीएमपी स्नूपिंग स्विचमध्ये चालू केलं. वायफाय लगेच सुधारलं, स्क्रीनही चालू. आणि थोड्या वेळाने चौदाही काळ्या! डिकोडर बंद करून चालू केले की चित्र परत, मग पुन्हा अंधार. डिकोडर तापत असतील म्हणून अ‍ॅडॉप्टर बदलले, केबली बदलल्या. एक अख्खा दिवस त्यात गेला. शेवटी वैतागून मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. ४ मिनिटं २० सेकंद. पुन्हा लावलं, तेवढंच. उष्णतेने बंद पडणारं यंत्र इतकं वक्तशीर नसतं.

२६० सेकंद हा आकडा आयजीएमपीमधलाच निघाला. क्वेरिअर नावाचा कुणीतरी दर १२५ सेकंदांनी ‘अजून हवंय का?’ असं विचारतो. अशा दोन फेऱ्या आणि उत्तराचे १० सेकंद उलटले तरी डिकोडरकडून काही आलं नाही, तर स्विच त्या पोर्टचा पुरवठा तोडतो. सामील होताना डिकोडर आपणहून सांगतो, म्हणून सुरुवातीला चित्र दिसायचं. पुढे बिचारा उत्तर द्यायला तयारच होता, विचारणारंच कुणी नव्हतं. हे काम बहुतेक वेळा राउटर करतो; मी स्क्रीनसाठी काढलेल्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच तारांवरच्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये राउटरच नव्हता. मुख्य स्विचच्या सेटिंगमध्ये क्वेरिअरसमोर एक टिक केली आणि घड्याळ लावून बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तासभर झाला. चित्र गेलं नाही.

शेजारशेजारच्या दोन स्क्रीनचा आवाज मात्र अजून मागेपुढे येतो, कारण त्यांच्या डिकोडरचे बफर, म्हणजे दाखवण्याआधी व्हिडिओ साठवून ठेवायचा वेळ, वेगळे आहेत. सध्या त्यातल्या एकीचा आवाज बंद ठेवलाय.