पहिलारू कालवडीसाठी वळू निवडताना

कालवड देखणी निघाली की गावात सल्लागार वाढतात. आमची तांबू जर्सी संकर. पाठ सरळ, मागचे पाय रुंद, चारही सड सारख्या अंतरावर. लस टोचायला आलेले डॉक्टरच म्हणाले, "वहिनी, हिला जपा, प्रदर्शनात उभी करण्यासारखी आहे." ही बातमी कुडाळच्या बाजारापर्यंत गेली आणि शेजारचे आबा संध्याकाळी खळ्यात येऊन बसले. "गो, हिका एचएफची कांडी घाल. पाडी अशी दांडगी येतली, बघणारे बघीत रवतले."

एचएफ म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन, मोठ्या अंगाची विदेशी दुधाळ जात, आणि कांडी म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी. आबांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण दांडगी पाडी आधी तांबूच्या कमरेतून बाहेर यायला हवी. शुद्ध एचएफचं वासरू जन्मताना 35-40 किलोचं भरू शकतं, जर्सीचं 25 च्या आसपास. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदा विणारी, अडते ती बहुतेक वेळा याच कारणानं: वासरू मोठं, वाट अरुंद. ओढून काढलं तर वासरू वाचतंही, पण गाईच्या कमरेतली नस चेंगरली की मागचे पाय फाकतात. वार अडकते, पिशवीत पू होतो, पुढचा माज लांबतो. आणि प्रदर्शनात परीक्षक पहिल्यांदा बघतो ती गाईची चाल! म्हणून माझं ठरलं होतं, पहिल्या वेताचा वळू तांबूसाठी निवडायचा, वासराचं रूप दुसऱ्या वेतापासून बघू.

ठरवणं सोपं, निवडणं कठीण. आपल्याकडे वळूच्या तक्त्यात आईचं दूध आणि फॅट ठळक छापलेलं असतं. जन्मवजन किंवा विण्यातली सुलभता शोधावी लागते, कधी सापडतच नाही. अमेरिकन एचएफ वळूंच्या तक्त्यात तो रकाना असतो. पहिलारूंमध्ये शेकडा किती विणी अवघड जातील, त्याचा तो अंदाज, म्हणजे आकडा कमी तितकं बरं. काही देशांच्या तक्त्यात मात्र उलटं, आकडा जास्त तो वळू चांगला. त्यामुळे तक्ता कुठला आहे ते आधी विचारायचं. शेजारीच वळूच्या मुलींचा वेगळा रकाना असतो: त्या स्वतः कशा वितात? बारीक वासरं देणाऱ्या वळूच्या मुली पुढे स्वतः अरुंद कमरेच्या निघू शकतात, म्हणून पाडी ठेवायची असेल तर दोन्ही रकाने बघावेत.

आमच्या पशुधन पर्यवेक्षकांनी वेगळाच मुद्दा काढला. लिंगनिर्धारित वीर्याची कांडी घेतली तर शंभरातली नव्वदेक वासरं पाड्या असतात, आणि पाडी गोऱ्ह्यापेक्षा जन्मताना एक-दोन किलोनं हलकी. साध्या कांडीपेक्षा गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमी, पण कालवडी एरवीही गाईंपेक्षा चांगल्या फळतात. जर्सी, त्यात पाडी. मला पटलं.

त्याआधी माप घेतलं. छातीचा घेर 57 इंच, खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी 48. घेराला घेरानं गुणा, मग लांबीनं, आणि 660 नं भागा: 236 किलो. मोठेपणीच्या वजनाच्या साठ टक्के भरल्याशिवाय कालवड भरवू नये म्हणतात, तांबूच्या आईकडे बघता ते भरत होतं. वयापेक्षा मी वजनावर विश्वास ठेवते. महिनाही मुद्दाम माघातला धरला, म्हणजे वीण दिवाळीच्या पुढेमागे येणार. आषाढात पाणंदीतून चारचाकी येत नाही, डॉक्टर कुठून येणार?

रात्री हंबरायला लागली, माजाचा काचेसारखा चिकट सोट दिसला, सकाळी फोन केला. कांडी कोमट पाण्यात टाकण्याआधी मी मोबाईलच्या उजेडात तिच्यावरचा वळू क्रमांक वाचला आणि तांबूच्या बापाच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावरून तिची जुनी नोंद निघाली होती. बापाचीच कांडी लेकीला पडू नये, एवढीच खात्री. पर्यवेक्षक हसले, पण थांबले.

गाभणपणात खरी ओढाताण खाण्यावरून झाली. प्रदर्शनाचं जनावर म्हणजे गुबगुबीत, असं सगळ्यांच्या डोक्यात. पण शेवटच्या महिन्यांत चरबी चढली की ती वाटेतही साचते आणि सोपी कांडी घालून काही उपयोग राहत नाही. पेंढा, हिरवा चारा, मोजकी पेंड, खनिज मिश्रण आणि रोज डोंगराकडे चालवणं, एवढ्यावर ठेवली. "बिचारी उपाशी मारतत," हे ऐकून घेतलं.

गोठ्यात दुसरी कालवड होती, कोकण कपिला. या जातीची राष्ट्रीय नोंद 2018 मध्ये झाली, तेव्हापासून आमच्याकडच्या "गावठी"ला जरा मान आला. तिला गीरची कांडी घालायचा आग्रह झाला. मी नाही म्हटलं. एक तर लहान चणीची कालवड, दुसरं म्हणजे संकर झाल्यावर ते वासरू कपिला म्हणून कुठे उभं करणार? वाडीतला कपिलाच वळू घेतला. त्याला तक्ता नाही, म्हणून घरोघरी जाऊन त्याची वासरं बघितली आणि बायकांना विचारलं, कोणाची गाय अडली होती का. ती तांबूनंतर महिनाभरानं व्याली, सकाळी गेले तर वासरू उभंच होतं.

तांबू व्याली तेव्हा मी जागी होते. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडलेले, कास तट्ट. पाणमोट फुटली, दोन पुढचे खूर दिसले, तळवे खाली, वर नाकाचं टोक. मांडणी बरोबर होती, हात लावला नाही. डॉक्टरांचा नंबर लावून ठेवला होता. तासाभरात पुढे सरकलं नाही तर फोन करायचा. अर्ध्या तासात पाडी पेंढ्यावर. काजू तोलायच्या काट्याला पोत्याची झोळी बांधून तिला टांगली: 21 किलो. लगेच चीक पाजला. दुपारपर्यंत वार पडली आणि तांबू मागचे पाय सरळ टाकत पाण्यावर गेली.

पाडी काही देखणी नाही, आबांनी ते बघताक्षणी सांगितलं. आता तांबूला पुन्हा माज आलाय. या खेपेला तक्त्यात आधी कास आणि पायांचे रकाने बघितले, अंगानं थोडा मोठा जर्सी निवडलाय. एचएफ का नाही, ते आबांना अजून सांगायचंय.