नमुना टाकीचा, दुखणं नळाचं

मिरगाच्या पहिल्या पावसात नळाला गढूळ पाणी आलं की फोनवर ओरडून काही होत नाही. तक्रार लेखी द्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. हे एका सकाळीत झालं.

अडलं नमुन्यावर. कर्मचारी आला तो पाणी सुटून तासभर झाल्यावर, आणि बाटली भरली ती टेकडीवरच्या जलकुंभाखाली. अहवाल : पिण्यास योग्य. असणारच! टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, तिथेच पडते. घाण शिरते ती खाली. पाणी दिवसाआड, त्यामुळे मधल्या वेळी पाइप रिकामा. रिकामा होताना तो गटारातल्या सडलेल्या जोडांतून बाहेरचं पाणी आत ओढतो. जांभ्या दगडाच्या जमिनीत तर शोषखड्ड्याचं पाणी कुठे पाझरेल याचा नेम नाही. मग पुन्हा पाणी सुटलं की ते साचलेलं पहिलं पाणी खाडीलगतच्या खालच्या वाडीत. वरच्या बोअर नि फिल्टरवाल्यांना याचा पत्ताही नसतो.

तीन अर्जांना एकच उत्तर : ‘नमुना नियमानुसार घेतला.’ शेवटी माहिती अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच, शब्द 150 च्या आत. मागितलं मोजकंच : नमुन्याचं ठिकाण, वेळ, ओटी टेस्टची (पाण्यात उरलेला क्लोरीन मोजण्याची चाचणी) नोंदवही. 30 दिवस शांतता. पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टँप. मुदत पुढचे 30 दिवस, चुकवू नका. मग वही मिळाली. वर्षभर एकाच शाईत 0.5, आणि शेवटच्या नळाची एकही नोंद नाही. त्या वहीची झेरॉक्स जोडली, तेव्हा माणूस वाडीत आला.

बाटली प्रयोगशाळेचीच, निर्जंतुक आणि थायोसल्फेट घातलेली हवी. नाहीतर वाटेत क्लोरीन काम करत राहतं नि अहवाल खोटाच स्वच्छ येतो. पद्धत सांगते दोन-तीन मिनिटं नळ सोडा. मी दोन बाटल्या भरायला लावल्या, पहिल्या पाण्याची वेगळी. बर्फात ठेवून सहा तासांत पोचवलेली बरी, 24 च्या पुढे नकोच. शुक्रवारी दुपारी तर घेऊच नका. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे 100 मिलीत ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, सापडताच कामा नयेत, आणि उरलेला क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा.

पहिल्या बाटलीत ई. कोलाय निघाले, दुसरीत नाहीत. दोन जोड बदलले. तिसरा गटाराच्या लादीखाली आहे.

हो, बाटलीवरची वेळ आणि ठिकाण आपल्या डोळ्यांसमोर लिहून घ्या, आणि चिठ्ठीचा फोटो काढा.