'झालं' म्हणजे नक्की काय झालं?

तीनेक वर्षांपूर्वी एका गुरुवारी संध्याकाळी मी टीममधल्या एकाला विचारलं, "झालं का रे?" तो म्हणाला "झालं". मी लगेच क्लायंटला कळवून टाकलं की झालंय, उद्या दाखवतो. शुक्रवारी डेमोला स्क्रीन उघडली तर कोरी करकरीत. मग चिडून सगळ्यांना बसवलं तेव्हा कळलं की त्याच्या लेखी 'झालं' म्हणजे कोड लिहून झाला आणि त्याच्या मशीनवर चालला, टेस्टिंगवालीच्या लेखी 'झालं' म्हणजे तिने तपासून ओके दिलं, आणि माझ्या लेखी 'झालं' म्हणजे लोकांना दिसायला लागलं. तिघंही खरंच बोलत होतो. कुणी खोटं बोललं असतं तर सोपं गेलं असतं, त्याला झापलं असतं आणि विषय संपला असता.

पहिला उपाय अर्थातच चुकीचा केला, मीटिंगा वाढवल्या. मी समजावायचो, सगळे नंदीबैलासारखे माना डोलवायचे, शेवटी मी "क्लिअर ना?" विचारायचो आणि पाच जण एका सुरात "क्लिअर". आता या प्रश्नाला "नाही" म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

यावर 1990 मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. एकाने सगळ्यांना माहीत असलेल्या गाण्याचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्मी तरी ओळखली जातील. 120 पैकी ओळखली गेली फक्त 3! कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं आणि ऐकणाऱ्याला नुसती टकटक. मीटिंगमध्ये मी तेच करत होतो, माझ्या डोक्यात पूर्ण चित्र आणि त्यांना टकटक.

विमानवाल्यांनी हा धडा फार महागात शिकलाय. 27 मार्च 1977, टेनेरीफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं, एकाच रनवेवर दोन 747 विमानं, एक केएलएम या डच कंपनीचं आणि एक पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं. केएलएमला उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली होती, उड्डाणाची नाही. त्यांचा को-पायलट रेडिओवर म्हणाला 'वुई आर नाऊ ॲट टेकऑफ'. विमानतळाच्या कंट्रोल टॉवरला वाटलं उड्डाणाच्या जागी उभे आहेत, प्रत्यक्षात विमान धावायला लागलं होतं. टॉवर म्हणाला "ओके", आणि पुढे सांगितलं की थांबा, मी कळवतो, पण नेमकं त्याच क्षणी पॅन ॲमनेही 'आम्ही अजून रनवेवरच आहोत' असं कळवलं, दोन्ही आवाज एकमेकांवर आले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये नीट पोचलं ते फक्त "ओके". त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती की समोरचं विमान बाजूला झालंय ना, कॅप्टनने ठामपणे हो म्हणून ती उडवून लावली. 583 माणसं गेली. त्यानंतर नियम आला की 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, बाकी वेळी 'डिपार्चर' म्हणायचं, आणि परवानगी मिळाली की ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, नुसतं "ओके" चालत नाही.

हे परत म्हणून दाखवणं आम्ही टीममध्ये आणलं तर पहिल्याच आठवड्यात एक जण वैतागला, "मला काय शाळेत बसवलंय का?" बरोबरच होतं त्याचं, कारण मी "काय कळलं सांग" असं परीक्षा घेतल्यासारखं विचारत होतो. मग म्हणायला लागलो, "मी नीट सांगितलंय का बघू दे, तू आता काय करणार ते सांग". परीक्षा माझी झाली, आणि गंमत म्हणजे दहातल्या तीन-चार वेळा तरी मीच नापास.

ऑपरेशन थिएटरसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये 19 कलमांची चेकलिस्ट काढली, त्यात चीर देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. आठ हॉस्पिटलांतल्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. पण 2014 मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओचे आकडे आले तेव्हा शंभरावर हॉस्पिटलांत म्हणावा तसा फरकच दिसला नाही. याची कारणं तज्ज्ञ अजून मांडतायत, मला आपलं वाटतं की कागदावर टिक मारणं वेगळं आणि एकमेकांकडे बघून बोलणं वेगळं. आमच्याकडेही 'झालं'च्या व्याख्येचं एक सुंदर डॉक्युमेंट आहे, बनवल्यापासून कुणी उघडलेलं नाही.

आणि सगळ्यांना सगळं कळवणं हासुद्धा उपाय नव्हे, प्रत्येक मेलमध्ये दहा जणांना घातलं की दहाही जण वाचत नाहीत. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात मांडलं होतं की एकत्र राहणाऱ्या माणसांची स्मृती वाटून घेतलेली असते, कुणाला काय माहीत आहे एवढं माहीत असलं की भागतं. हे मला आमचा एक जण पंधरा दिवस रजेवर गेला तेव्हा पटलं, त्याच्याकडची माहिती नव्हती ते एक वेळ ठीक, पण कुठली माहिती त्याच्याकडे होती हेच कुणाला माहीत नव्हतं.

आता आम्ही 'झालं' शब्द जवळपास बंद केलाय, "कुठपर्यंत आलं?" असं विचारतो. तरी परवा मी एकाला म्हणालो "उद्या सकाळी पाठवतो". माझी सकाळ नऊला उजाडते, त्याची साडेसहाला. बिचारा अडीच तास मेल रिफ्रेश करत बसला होता.