दोन आज्यांची माँटेरे सहल

कॅलिफोर्नियात सॅन होजेला लेकीकडे येऊन आम्ही दोघं जरा कुठे रुळत होतो. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा हे कळायला लागलं होतं, तेवढ्यात घरात आणखी एक पाहुण्या आल्या, थेट साप्पोरोहून. लेक कॉलेजात असताना वर्षभर जपानला शिकायला होती, तेव्हा ती ज्यांच्या घरी राहिली त्या बाई. लेक त्यांना ‘ओकासान’, म्हणजे आई म्हणते. नातवंडांनी पहिल्याच संध्याकाळी त्यांची ‘ओबाचान’, म्हणजे आज्जी करून टाकली. घरातली मुलं ज्या नावाने हाक मारतात तेच नाव मग सगळ्यांच्या तोंडी बसतं, तसं मीही त्यांना ओबाचानच म्हणते, आमच्या वयात फारसं अंतर नसलं तरी.

लेकीच्या तोंडून दुसऱ्या कुणाला आई म्हटलेलं ऐकलं की मला आतून थोडं टोचायचं. तेव्हा फोनवर टोचायचं, आता समोरासमोर. शिवाय बाई अशा नीटनेटक्या, की त्यांच्या घड्या घातलेल्या कपड्यांकडे बघून मला माझी बॅग पलंगाखाली सरकवाविशी वाटली. पण या घरात मी गेली काही वर्षं पाहुणीच असते. सहा महिन्यांचा शिक्का, परतीचं तिकीट, आणि ‘आई, तू बस, मी करते’ हे वाक्य उठता-बसता. ओबाचान आल्या आणि एका रात्रीत मी यजमानीण झाले. त्यांना चहा कुठला हवा, टॉवेल कुठला द्यायचा, गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा हे मी दाखवू लागले. ‘तू बस’ म्हणायला त्यानंतर कुणाची हिंमत झाली नाही.

मुलांचंही तेच झालं. ही दोघं पुण्याला येतात तेव्हा त्यांची अवस्था बिचारी असते. हे बघ शनिवारवाडा, हे बघ केळकर संग्रहालय, नमस्कार कर, ही तुझी आत्येआज्जी. दिवसभर कुणीतरी त्यांना काहीतरी दाखवत असतं आणि ती जांभया देत असतात. इथे मात्र दाखवणारी तीच होती. थोरली दहा वर्षांची. कॅलिफोर्नियात चौथीला राज्याचा इतिहास शिकवतात आणि ती नुकतीच चौथी संपवून बसलेली, त्यामुळे तिला आवरणं कठीण. धाकटा सात वर्षांचा. त्याला इतिहासाशी घेणंदेणं नाही, त्याला फक्त प्राणी.

जावयांनी एक्सेलमध्ये कार्यक्रम आखला होता. सान्ता क्रूझचा बोर्डवॉक, म्हणजे समुद्रकाठचं करमणूक उद्यान, झाला. तिथला ‘जायंट डिपर’ हा लाकडी रोलर कोस्टर 1924 सालचा आहे. मी आणि हे बाकावर पर्स सांभाळत बसलो, आणि ओबाचान मात्र थोरलीचा हात धरून सरळ रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. उतरल्या तेव्हा केसही विस्कटले नव्हते. त्याहून मला आवडलं ते 1911 पासूनचं मेरी-गो-राउंड. घोडा फिरता फिरता बाजूच्या खांबातून एक कडी ओढून काढायची आणि विदूषकाच्या उघड्या तोंडात नेमकी फेकायची. ह्यांच्या सगळ्या कड्या बाहेर.

सॅन फ्रान्सिस्कोचं जपानी टी गार्डन हा बेत मला आधी जरा विचित्रच वाटला. जपानी पाहुणीला जपानी बाग काय दाखवायची? पुण्याहून आलेल्या माणसाला कुणी मिसळ खायला न्यावं तसं. पण ती बाग बघण्यासारखी निघाली ती तिच्या गोष्टीमुळे. 1894 च्या जत्रेसाठी ती उभारली, आणि पुढे माकोतो हागिवारा यांच्या कुटुंबाने ती वर्षानुवर्षं तिथेच राहून जोपासली. 1942 मध्ये, युद्धाच्या काळात, इथल्या इतर जपानी कुटुंबांबरोबर त्यांनाही छावणीत पाठवण्यात आलं. लेकीने हे जपानीत सांगितल्यावर ओबाचानांनी एवढंच विचारलं, ‘मग झाडांना पाणी कोण घालत होतं?’ चहाबरोबर फॉर्च्यून कुकीज आल्या. आत भविष्याची चिठ्ठी असलेली, अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत मिळणारी ही बिस्किटं मुळात जपानी लोकांनी इथे आणली आणि या बागेत ती फार पूर्वीपासून देत, असं मानतात. ओबाचानांनी ती जन्मात पाहिली नव्हती. धाकट्याने त्यांना ती फोडायची कशी, आतला कागद काढायचा कसा हे इतक्या गांभीर्याने शिकवलं की शेजारच्या टेबलावरचे लोक बघत राहिले.

खरी सहल माँटेरे या समुद्रकाठच्या गावाची.

सात जणांची गाडी, सात जण, त्यामुळे पिशव्या पायाशी. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं घेतलं होतं. ओबाचानांनी पहाटे उठून भाताचे त्रिकोणी गोळे वळले, मध्ये उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, बाहेरून नोरी, म्हणजे समुद्रशेवाळाचा काळा कागद. गिलरॉय आलं तसा गाडीत लसणाचा वास भरला. त्या गावाची सगळी ख्याती लसणावर. पुढे कॅस्ट्रोव्हिल, तिथे आर्टिचोक या भाजीची शेतं. हवा बघता बघता बदलली. सॅन होजेत घाम येत होता आणि समुद्र जवळ आला तसं धुकं खिडकीला टेकलं. जूनमध्ये इथे असंच असतं हे आम्हाला सांगितलं होतं, तरी ह्यांनी स्वेटर घेतला नव्हता. दिवसभर जावयाचं जाकीट घालून फिरले, बाह्या चार बोटं लांब.

थोरलीचं व्याख्यान गाडीतच सुरू झालं. स्पेनच्या आणि नंतर मेक्सिकोच्या काळात कॅलिफोर्नियाची राजधानी माँटेरे होती, 1846 मध्ये इथे अमेरिकेचा झेंडा लागला, 1849 मध्ये राज्याची पहिली घटना इथल्याच कोल्टन हॉलमध्ये लिहिली गेली. ती एक वाक्य बोलायची, थांबायची, आईने जपानीत सांगेपर्यंत वाट बघायची, मग पुढचं वाक्य. एरवी ही मुलगी कुणाचं ऐकून न घेता बोलत सुटते.

माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम 1984 मध्ये उघडलं, एका जुन्या सार्डिन कारखान्याच्या जागी. एकेकाळी हा सगळा किनारा सार्डिन डबाबंद करायच्या कारखान्यांचा होता. मासे इतके उपसले की ते दिसेनासे झाले आणि कारखाने एकेक करून बंद पडले. जुने बॉयलर आतमध्ये जपून ठेवलेत. ते बघायला माणसं कमी थांबतात, हे मात्र तिथून हलेनात. जन्मभर कारखान्यात काढलेला माणूस, दुसरं काय होणार.

तिथे एक टाकी आहे, अठ्ठावीस फूट उंच. वरून उघडी, त्यामुळे खरं ऊन आत येतं. आत केल्पचं जंगल आहे, म्हणजे समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचे उंचच उंच वेल, आणि त्यांतून चमचमत जाणारे सार्डिन. मोकळ्या समुद्रात हे केल्प सगळं जुळून आलं तर दिवसाला फूटभर किंवा जास्तही वाढतं. आम्ही सगळे ‘अहाहा’ करत उभे होतो. ओबाचान काचेजवळ गेल्या, नीट पाहिलं आणि लेकीला काहीतरी म्हणाल्या. लेक हसायला लागली. मुलांनी पिच्छाच पुरवला तेव्हा कळलं: हे आमच्या कोंबूच्या, म्हणजे स्वयंपाकात वापरतो त्या समुद्रशेवाळाच्या नात्यातलं आहे, याचं सूप कसं लागत असेल?

मग लेकीने जे सांगितलं ते मलाही नवीन होतं. जपानी घरात मिसो सूप रोज, आणि त्याचं पाणी बहुतेक ठिकाणी सुक्या माशाचं. ही तर शाकाहारी. फोनवर ती मला सांगायची, ‘आई, जेवण छान असतं,’ आणि मी ते धडधडीत खोटं समजून पुण्याहून गोडा मसाला पाठवायचे. ते खरंच होतं. ओबाचान वर्षभर रोज सकाळी दोन पातेली चढवायच्या. एक घरासाठी, एक हिच्यासाठी नुसत्या कोंबूचं. साप्पोरो ज्या बेटावर आहे ते होक्काइदो म्हणजे कोंबूचं माहेरघरच, त्यामुळे त्यात विशेष काही नाही, असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी दोन पातेली म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. मी घरात उपासाचं आणि बिनउपासाचं असं वेगळं करते तेही महिन्यातून दोन-तीनदा, आणि तेवढ्यात किती बोलून दाखवते.

धाकट्याने आम्हाला तिथून ओढून पाणमांजरांपाशी नेलं. ही समुद्रातली पाणमांजरं, सी ऑटर. त्यांच्या अंगावर चरबीचा थर नसतो, थंडी अडवते ती फक्त दाट लव. त्याच लवेपायी व्यापाऱ्यांनी त्यांची इतकी शिकार केली की इथल्या किनाऱ्यावरून ती संपलीच असं लोक धरून चालले होते. 1938 मध्ये इथून दक्षिणेला बिग सूरच्या किनाऱ्यावर त्यांचा एक छोटा कळप पुन्हा दिसला. ती सी-अर्चिन खातात, म्हणजे ते काटेरी गोळे, आणि सी-अर्चिन केल्प खातं. पाणमांजर गेलं की केल्पचं जंगलही फस्त. हे सगळं धाकट्याने सांगितलं. ओबाचानांनी तितक्याच गंभीरपणे सांगितलं की सी-अर्चिन त्यांनाही फार आवडतं. तेव्हापासून तो त्यांच्याकडे जरा वेगळ्याच आदराने बघतो.

आई हरवलेली पिल्लं किनाऱ्यावर सापडली की इथल्या मोठ्या माद्या ती सांभाळतात, शिंपले फोडायला शिकवतात, आणि शिकून झालं की पिल्लं परत समुद्रात सोडतात. माहिती सांगणाऱ्या बाई हे समजावत असताना धाकटा मोठ्याने म्हणाला, ‘मग आईपण अशीच वाहून गेली होती का जपानला?’ लेकीने भाषांतर करावं की नाही या विचारात वेळ घालवला. शेवटी केलं. ओबाचान हसल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी वाकून नमस्कार केला. मीही केला. एकदा सुरू झालं की त्यांच्यात ते पटकन थांबत नाही, त्यामुळे आम्ही दोघी बराच वेळ एकमेकींना वाकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पॉइंट लोबोस. कार्मेल गावाच्या जरा दक्षिणेला हे राखीव क्षेत्र आहे. वाऱ्याने पिळवटलेली माँटेरे सायप्रसची झाडं निसर्गतः फक्त या भागातल्या दोनच ठिकाणी उगवतात, त्यातलं हे एक. खडकांवर सील लोळत पडलेले. तिथल्या व्हेलर्स कोव्हपाशी चिनी कोळ्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेली लाकडी झोपडी आहे, तिचं आता छोटं संग्रहालय झालंय. थोरली पाट्या वाचत होती, वाचता वाचता थबकली आणि ‘ओबाचान, जपान!’ म्हणून ओरडली. 1897 मध्ये चिबा प्रांतातून गेन्नोसुके कोदानी नावाचा माणूस इथे आला, अबलोनीसाठी. अबलोनी म्हणजे एक मोठा कानाच्या आकाराचा शिंपला, आतून इंद्रधनुषी. त्याने जपानहून पाणबुडे आणले. इथलं पाणी इतकं गार की नुसत्या दमावर बुड्या मारणं जमेना, मग धातूचं शिरस्त्राण घालून उतरणारे आणले. पुढे इथल्या जमीनमालकाबरोबर भागीदारीत अबलोनी डबाबंद करायचा कारखानाही काढला.

ही माहिती कुणाच्याच एक्सेलमध्ये नव्हती. थोरलीला ती स्वतःला सापडलेली, म्हणून तिचा तोरा काही विचारू नका. पुढचा तासभर ती आणि ओबाचान जुन्या छायाचित्रांतल्या माणसांचे चेहरे बघत बसल्या. मध्ये भाषांतर करायला कुणी नव्हतं. मी खिडकीतून बघत होते, काही अडत नव्हतं.

जेवण ठरवून दिलेल्या जागीच करता येतं. भाताच्या गोळ्यांवर माझं लोणचं, आणि पुरीबरोबर उमेबोशी, अशी अदलाबदल झाली. उमेबोशी इतकं खारट-आंबट की आमच्या ह्यांनी, ज्यांना लोणच्याशिवाय घास उतरत नाही, त्यांनीसुद्धा डोळे मिटले.

घरी आल्यावर मी ओबाचानांकडून ते कोंबूचं पाणी शिकून घेतलं. पट्टीवर पांढरी पूड दिसते ती धुवायची नाही, चव तिथेच असते. ओल्या फडक्याने नुसती पुसायची. गार पाण्यात भिजवून मंद आचेवर ठेवायची, उकळी फुटायच्या आत पट्टी काढून टाकायची, नाहीतर बुळबुळीत होतं. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने याच कोंबूत चव देणारं ग्लुटामेट शोधलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. मी त्या पाण्यात मुगाची आमटी केली. फोडणी आपली, हिंग-मोहरीची. हे दोन वाट्या प्यायले आणि मगच विचारलं की यात काय घातलंय.

कुणी जाणार असाल तर: अ‍ॅक्वेरियमची तिकिटं आधी घ्या, पॉइंट लोबोसला सकाळी लवकर पोहोचा कारण गाड्या लावायची जागा भरते, आणि जून असला तरी स्वेटर घ्या.

ओबाचान हिवाळ्यात पुण्याला येणार आहेत. मुलंही त्याच सुमाराला येतील. कार्यक्रम आतापासून ठरतोय आणि आम्हाला त्यात काडीची किंमत नाही. थोरलीने शनिवारवाडा घेतलाय, त्याच शनिवारवाड्यात मागच्या खेपेला ती ‘किती वेळ अजून’ म्हणून रडकुंडीला आली होती. धाकट्याने सिंहगड घेतलाय. तिथे ओबाचानांना मडक्यातलं दही खायला घालणार म्हणतो. स्वतः त्याने ते तोंडात घेऊन आजोबांच्या रुमालात थुंकलं होतं, ही गोष्ट मी त्यांना सांगणार नाहीये.